मोठा रविवार

आमच्या ल्होत्का गावात कुणालाही विचारा, 'पत्र्याची मावशी' या बँडचा तो कार्यक्रम आपण स्वतःच्या कानांनी ऐकला असंच तो सांगेल. मिकुलाशच्या गवताच्या कोठारात कोंबून कोंबून बसवली तरी साठ माणसं मावतात. आता ऐकणाऱ्यांचा आकडा चारशेवर गेलाय आणि दर वर्षी वाढतोच आहे. पोस्टातली ब्लांका म्हणे तिथे होती. अगं बये, तू तेव्हा पाळण्यात होतीस! आणि दातांच्या डॉक्टरनं तर परवा कहर केला. माझ्या तोंडात त्याची सगळी अवजारं, आणि हा विचारतोय, "यार्मिलाबाई, तुम्ही तर नवरी होतात. तुम्ही अगदी पहिल्या रांगेत असाल, नाही?" मी काय बोलणार, कप्पाळ! नुसतं आँ आँ केलं.

म्हणून एकदाचं सांगूनच टाकते. नवरी पहिल्या रांगेत नव्हती, शेवटच्याही नव्हती. ती शेजारच्या ओलेश्ना गावच्या गुत्त्यात बसली होती, आपल्या तीन मामांच्या मधोमध, पांढऱ्या झग्यात, रागानं लाल होऊन. ज्या कार्यक्रमासाठी मी लग्न केलं तो कार्यक्रम मी ऐकलाच नाही.

हो, कार्यक्रमासाठीच लग्न केलं. त्या काळी हे काही फार जगावेगळं नव्हतं. 'पत्र्याची मावशी'वाल्यांकडे सरकारी परवाना नव्हता, आणि परवाना नसलेल्या बँडनं चार लोकांत वाजवलं की पोलीस हजर. विलेम, म्हणजे त्यांचा गाणारा, दोनदा आत जाऊन आला होता. त्याचे केस खांद्याच्या खाली आणि गाणी अशी की वरच्यांना त्यात नक्की काय खुपतं तेही सांगता येईना. पण लग्न ही घरगुती गोष्ट. लग्नात कुणी पोलका वाजवावा की पत्रे बडवावेत, त्यात सरकारला नाक खुपसता येत नव्हतं. त्यामुळे आमच्यासारखी पोरं कार्यक्रम हवा असला की आधी लग्न शोधायची. आणि त्या वर्षी नेमकं कुणाचंच लग्न नव्हतं.

"मी करते," मी म्हटलं. मिकुलाशच्या स्वयंपाकघरात सगळे बसलो होतो. मी बावीस वर्षांची, शाळेच्या भोजनगृहात कामाला, आणि डोक्यात नुसतं वारं.

"कुणाशी?" मिकुलाशनं विचारलं.

"कुणाशीही. शरद ऋतू आला की घटस्फोट घेऊ. त्यात काय एवढं?"

सगळी पोरं एकदम टेबलाचं लाकूड न्याहाळायला लागली. मोठमोठ्या गप्पा मारणारे वाघ सगळे! एकाला आईची भीती, एकाची मैत्रीण जीव घेईल, आणि मिकुलाश म्हणाला, "माझं कोठार देतोय ना, अजून काय देऊ?" तेव्हा कोपऱ्यातून हिनेक बोलला. हा सामुदायिक शेतावरचा वीजवाला. फारसा कधी बोलायचाच नाही. मी त्याला नीट पाहिलंही नव्हतं.

"मी येतो," तो म्हणाला. "पण माझी एक अट आहे. मला 'मोठा रविवार' अगदी जवळून ऐकायचाय."

'मोठा रविवार' म्हणजे विलेमचं लांबलचक गाणं. त्यांनी ते फक्त एकदा, कुठल्याशा दूरच्या गावात वाजवलं होतं. त्याची टेप नव्हती, काही नव्हतं. ज्यांनी ऐकलं ते नुसते डोळे मिटून मान हलवायचे, आणि आम्हाला जळवायचे. हिनेकनं त्या गाण्यासाठी दूरच्या त्या गावापर्यंत लिफ्ट मागत प्रवास केला होता आणि पोलिसांनी त्याला वेशीवरूनच परत पाठवलं होतं. त्यामुळे सगळे म्हणाले, मंजूर. नवरा ठरला. मला कुणी विचारलंही नाही.

घरी खरं सांगायची सोय नव्हती. म्हाताऱ्या माणसांना कळलं की गावभर झालंच म्हणून समजा. त्यामुळे माझ्या आईला वाटलं, लग्न खरं आहे. आणि ती रडायला लागली, पण मुलगा वीजवाला म्हणून नाही. "मे महिन्यात? मे महिन्यात कुणी लग्न करतं का गं? वर्षाच्या आत घरातून तिरडी निघते! जूनमध्ये करा, काय बिघडतंय?" आमच्याकडे हा समज अगदी पक्का. मेमध्ये देवळंही ओस आणि नोंदणी कचेरीही ओस. पण विलेमला परत कधी उचलतील याचा नेम नव्हता, जूनपर्यंत कोण थांबतो? मी म्हटलं, "आई, आम्हाला घाई आहे." त्यावर तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पाहुण्यांची यादी करायला बसली. मीही काही खुलासा केला नाही. चालत होतं ते चालू दिलं.

शनिवारी सकाळी नोंदणी कचेरीत उभे राहिलो. माझा झगा जाळीच्या पडद्याचा, हिनेकचा कोट मेव्हण्याचा, बाह्या कोपराच्या जरा खाली संपलेल्या. अधिकारीणबाई कुटुंब आणि समाजवाद यावर बोलल्या, आम्ही 'हो' म्हटलं, सह्या केल्या. अंगठी घालण्याआधी त्यानं हात दोनदा कोटाला पुसले. मी कुजबुजले, "अरे, खोटं आहे हे." तो म्हणाला, "माहीत आहे मला." आणि तिसऱ्यांदा पुसले.

मिकुलाशच्या अंगणात जेवण. उंबऱ्यात ताटली फोडली, दोघांनी मिळून काचा गोळा केल्या, मग एकाच रुमालात दोघांना बांधून एकाच ताटलीतून एकाच चमच्यानं सूप पाजलं. म्हातारी मंडळी डोळे पुसत होती. मागच्या कोठारात मात्र आमची पोरं एकेक करून सरकत होती, विलेमची माणसं तारा जोडत होती, आणि हिनेक फ्यूजच्या खोक्यापाशी, अगदी विलेमच्या शेजारी. ती जागा त्यानं मागूनच घेतली होती. कोठाराची वीज इतकी जुनी की कुणीतरी फ्यूजपाशी बसणं भागच होतं. मी फक्त खसखशीच्या कोलाचांचं, आमच्या गोड पावांचं, ताट घेऊन आत जायचं, की दारं बंद आणि कार्यक्रम सुरू.

तेवढ्यात मागून फेर्दा मामानं मला उचललं.

नवरी पळवायची रीत तुम्हाला माहीत असेलच. पाहुण्यांनी नवरीला गुपचूप पळवायचं, कुठल्यातरी गुत्त्यात नेऊन बसवायचं, आणि नवरा शोधत येईपर्यंत त्याच्या नावावर प्यायचं. नवऱ्यानं आल्यावर बिल चुकतं करून बायको सोडवायची. ल्होत्कात याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानतच नाही. पण आम्ही पोरं इतकी शहाणी की पोलिसांचा विचार केला, विजेचा केला, अगदी पाऊस पडला तर काय याचाही केला. आणि हे विसरलो! खोटं लग्न खरं वाटावं म्हणून मामांना बोलावलं, आणि मामा खऱ्या लग्नासारखे वागतील हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

"मामा, सोड! अरे सोड मला, आज नको!"

"सगळ्या असंच म्हणतात," मामा म्हणाला, आणि मला गाडीत कोंबलं. ताटातले कोलाच रस्त्याभर सांडले.

ओलेश्नाचा गुत्ता माशांच्या तळ्याकाठी. मामांनी बिअर मागवली, आलुबुखाराची दारू मागवली, लोणच्यातले सॉसेज मागवले. मला मधल्या खुर्चीत बसवून तिघे खुशीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. तिकडे विलेम सुरू झाला असेल, तिकडे 'मोठा रविवार' चालला असेल, आणि मी इथे फेर्दा मामाच्या गुडघेदुखीची कथा ऐकतेय! आणि खरं बोलायची चोरी.

"काय गं, तोंड का असं?" मामा म्हणाला. "येईल की तुझा वीजवाला. आताच करंट बसला असेल त्याला."

तिघे खो खो हसले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुणीच येणार नाही. खोट्या नवरीला कोण शोधतं? हिनेकनं आयुष्यभर ज्या गाण्याची वाट पाहिली ते गाणं त्याच्या कानाशी चाललंय. तो कशाला उठेल? मी असते तर उठले असते का? मुळीच नसते उठले. कार्यक्रम संपेल, पोरं मागचं आवरतील, मग कुणालातरी आठवेल, अरे, ती यार्मिला कुठाय? तोवर मामांना बिलावरून संशय येईल, आईला कळेल, सगळा बोऱ्या वाजेल. माझ्या डोळ्यात पाणी आलं. रागाचं होतं, असं मी सगळ्यांना सांगते. आणि दाराकडे मी एकदाही पाहिलं नाही, असंही सांगते. पाहत होते. सारखी पाहत होते.

दार उघडलं आणि हिनेक आत आला. मिकुलाशच्या आईची सायकल घेऊन आला होता. कोटाची एक बाही खांद्यापासून उसवलेली, तोंड घामानं निथळलेलं, धाप लागलेली. आधी झ्दार गावच्या गुत्त्यात जाऊन आला होता, मग पुलाजवळच्या, आणि मग इथे.

"आले आले जावईबापू!" मामा ओरडला.

मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याच्यावर धावून गेले. "मूर्खा! तू कशाला आलास? तिकडे कार्यक्रम चाललाय!" मामांच्या देखत किंचाळले मी. "आता दोघांपैकी कुणीच ऐकलं नाही! लग्न फुकट गेलं की!"

मामांना वाटलं, नवी नवरी, लाडात आली असेल. हिनेकनं बाहीनं घाम पुसला. श्वास घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "फुकट कसं? 'मोठा रविवार' ऐकूनच निघालो मी. तुला म्हणून दाखवीन."

माझा जीव भांड्यात पडला. खिशात पैसे नव्हतेच, त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून गुत्तेवाल्यापुढे ठेवलं, आणि मला सोडवलं. येताना मी सायकलच्या दांड्यावर, झगा गोळा करून मांडीवर. तळ्यापासून गावापर्यंत रस्ता चढाचा, दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं. तो पेडल मारता मारता माझ्या कानाशी गुणगुणत होता. साधी, एकसारखी चाल, मधेच थांबणारी, धाप लागल्यासारखी, आणि परत धरणारी. मला वाटलं, विलेमचं गाणं काहीतरी भयंकर अवघड असेल. हे तर किती सोपं होतं! मी म्हटलं, "परत म्हण." त्यानं परत म्हटलं.

पोहोचलो तेव्हा कार्यक्रम संपला होता. पोरं अंगणात वेड्यासारखी एकमेकांना मिठ्या मारत होती. मधेच वीज गेली होती, आणि वीजवाला जागेवर नाही. मग विलेम अंधारात तसाच, तारांशिवाय, मोकळ्या गळ्यानं गायला आणि सगळं कोठार त्याच्याबरोबर गायलं. ती वीज जाणं हाच तर त्या दिवसाचा चमत्कार. नक्की कधी गेली ते विचारू नका. कुणी म्हणतं सुरुवातीलाच गेली, कुणी म्हणतं शेवटी, पोस्टातली ब्लांका म्हणते दोनदा गेली.

आणि पोलीसही येऊन गेले होते. मे महिन्यात लग्न म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं, म्हणूनच आले. मिकुलाशला फाटकात धरलं. "नवरी कुठाय? नवरा कुठाय? दाखव!" मिकुलाश खरं तेच बोलला. "नवरी पळवली, साहेब. नवरा गेलाय शोधायला." तसा त्यातला मोठा पोलीस मोकळेपणानं हसला. "माझ्या वेळी मला चार गुत्ते पालथे घालावे लागले होते," तो म्हणाला, दोन कोलाच खिशात घातले, आणि दोघे निघून गेले. म्हणजे बघा, फेर्दा मामानं मला उचललं नसतं तर कार्यक्रम झालाच नसता. मामा मरेपर्यंत त्याला हे ठाऊक नव्हतं.

विलेमला त्या उन्हाळ्यात इतकं छळलं की तो देश सोडून स्वीडनला गेला. 'पत्र्याची मावशी' पुन्हा वाजली नाही. आणि आमचा घटस्फोट? तो राहिलाच. आधी म्हटलं, बटाटे निघू देत. मग कचेरीतली बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली. मग थंडी पडली, आणि हिनेकच्या खोलीत शेगडी चांगली होती. मग श्टेपांका झाली, आणि तिच्या पाळण्यापाशी हिनेक रोज 'मोठा रविवार' गुणगुणायचा. दाढी करताना गुणगुणायचा, दिवे दुरुस्त करताना गुणगुणायचा. घरातच हं. बाहेर चार माणसांत कधी तोंड उघडलं नाही त्यानं. मला वाटायचं, लाजतो.

पण माझ्या मनात एक काटा राहिलाच. मिकुलाशकडे सगळे जमले की सुरू व्हायचं, "आणि ते अंधारातलं गाणं! आणि शेवटचं ते!" सगळ्यांचे डोळे चमकायचे. हिनेक मान खाली घालून बिअर प्यायचा. मला वाटायचं, माझ्यापायी या माणसाचा अर्धा कार्यक्रम गेला. तारुण्यात एकदाच मिळणारी गोष्ट, आणि ती यानं एका खोट्या नवरीसाठी सोडली. त्या बदल्यात काय मिळालं, तर मी! सकाळी उठल्यापासून कटकट करणारी. भांडणात एकदा मी म्हणालेही, "तेव्हा बसला असतास तिथेच तर बरं झालं असतं." तो म्हणाला, "सूप गार होतंय."

आणि या वर्षी एप्रिलमध्ये मिकुलाशचा फोन. विलेम परत आलाय, म्हातारा झालाय, पण गातो. बँडातले जे दोघे जिवंत आहेत तेही येताहेत. शनिवारी दुपारी, त्याच कोठारात, आणि 'मोठा रविवार' नक्की.

मी स्वयंपाकघरात नाचले. खरंच नाचले, या वयात. हिनेक मात्र वर्तमानपत्रात.

"मला नाही यायचं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मला ऐकू कुठे येतं? कानात ते यंत्र शिट्ट्या मारतं."

"टीव्हीवरची फुटबॉल मॅच बरी ऐकू येते!"

"तू जा श्टेपांकाबरोबर."

आठवडाभर हेच. गुडघा दुखतो, कोंबड्यांना कोण बघणार, पाऊस येईल. ज्या माणसानं त्या गाण्यासाठी कधीकाळी अर्धा देश पालथा घातला तो कोंबड्यांची सबब सांगतोय! मला कळेना. मग रात्रंदिवस एकच विचार डोकं खायला लागला. याला भीती वाटतेय. तो कार्यक्रम खरंच तेवढा मोठा होता हे आता कळेल, आपण काय सोडून आलो ते कळेल, आणि मग माझ्याकडे बघून हिशेब करावासा वाटेल. खरं सांगते, मलाही तीच भीती वाटत होती. पण मी मागे हटणारी नाही. शेवटी मी म्हटलं, "हिनेक, मी या कार्यक्रमासाठी लग्न केलंय. आता एकटी ऐकणार नाही." तो उठला आणि कोट घालायला गेला.

कोठारात जुनी तोंडं, नव्या कवळ्या. ब्लांका होती, दाताचा डॉक्टर होता. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं, मला मधे, एका बाजूला हिनेक, दुसऱ्या बाजूला श्टेपांका. विलेम खुर्चीवर बसून गात होता, केस गेलेले, आवाज चिरका, पण त्या चिरकेपणातच काहीतरी होतं. पहिल्या दोन गाण्यांतच माझा रुमाल ओला झाला. मग त्यानं पाणी प्यायलं आणि म्हणाला, "आता 'मोठा रविवार'."

मी हिनेकचा हात घट्ट धरला. इतकी वर्षं घरात, पाळण्यापाशी, न्हाणीघरात ऐकलेलं गाणं आता खऱ्या गळ्यातून येणार होतं.

आणि जे आलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. जड, संथ, खालच्या सुरातलं, दगड ओढल्यासारखं. मी म्हटलं, सुरुवात असेल. आमची चाल पुढे येईल. वाट पाहिली. गाणं चढत गेलं, वळत गेलं, आणि आमच्या चालीच्या जवळपाससुद्धा गेलं नाही.

"आई," श्टेपांका कानाशी लागली, "हे कुठलं? बाबांचं तर वेगळं आहे."

मला वाटलं, विलेम म्हातारा झाला, चाल विसरला. मी मागे वळून मिकुलाशकडे पाहिलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ओठ प्रत्येक सुराबरोबर हलत होते. विसरला वगैरे काही नव्हता. हेच ते गाणं. मग मी हिनेककडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते, यंत्रासकट.

गाणं चांगलं होतं. फारच चांगलं होतं, कबूल करते. संपलं तेव्हा लोक उभे राहिले, आणि मी हिनेकच्या बाहीला धरून त्याला बाजूच्या दारानं अंगणात ओढत नेलं.

"तू ऐकलंच नव्हतंस," मी म्हटलं.

"काय?"

"बहिरेपणाचं सोंग करू नकोस! 'मोठा रविवार' तू ऐकलाच नव्हतास!"

त्यानं खिशात हात घातले, परत काढले. "फ्यूज बसवला," तो म्हणाला, "विलेमनं गिटार हातात घेतली, आणि मिकुलाशची बहीण दारातून सांगत आली की तुला नेलं. विलेम म्हणाला, बस रे, खोटंच तर लग्न आहे. पण मामा तुला घेऊन बसले असतील, आणि तू दाराकडे बघत असशील, असं वाटलं. मग कसला बसतोय!"

"एकसुद्धा सूर नाही?"

"एकही नाही."

"आणि इतकी वर्षं मला थापा मारल्यास?"

"तू म्हणालीस ना, लग्न फुकट गेलं. इतक्या जोरात म्हणालीस. मला वाटलं, काहीतरी हातात द्यायला हवं."

मी त्याला पर्सनं मारलं. दोनदा. मग मला रडू फुटलं आणि तो बावळटासारखा माझ्या पाठीवर थोपटत राहिला.

"मग ते काय आहे?" मी विचारलं. "जे तू पोरीला म्हणून झोपवलंस, रोज म्हणतोस, ते कुणाचं गाणं आहे?"

"कुणाचं असणार? सायकलवर सुचलं. तुला शोधताना. झ्दारचा चढ होता, दम लागत होता, पेडलच्या तालावर आपोआप यायला लागलं." त्यानं नाक पुसलं. "नाव तेवढं विलेमचं घेतलं. 'मोठा रविवार'."

"शनिवार होता तो, मूर्खा."

"हो," तो म्हणाला. "ते माझ्या नंतर लक्षात आलं."

आत पुढचं गाणं लागत होतं. तो म्हणाला, "चल आत, तुझं परत राहील." मी म्हटलं, "राहू दे. आधी म्हण. इथे, अंगणात. मोठ्यानं." तो इकडेतिकडे बघायला लागला, लाजला, मग त्यानं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि सुरू केलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे भलताच मोठा लागला. कोंबड्या पळाल्या. मधे तसाच थांबला, दम घेतल्यासारखा, आणि परत धरलं. मीही त्याच्याबरोबर म्हणायला लागले, सगळं पाठच होतं.

बाजूचं दार उघडलं आणि मिकुलाशनं डोकं बाहेर काढलं. जरा वेळ ऐकत राहिला.

"हे कुठलं गं?" त्यानं विचारलं. "'मावशी'चं तर नाही."

"तुला कुठून माहीत असणार," मी म्हटलं. "तू तेव्हा कोठारात होतास."